घन पदार्थांचे जलीय व वायवीय वहन

धान्य, सिमेंट, कोळशाची भुकटी, राख, वाळू, खनिजाचे चूर्ण असे सुटे घन पदार्थ पाण्याच्या किंवा हवेच्या प्रवाहात मिसळून बंद नळातून एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेण्याच्या औद्योगिक पद्धतींना अनुक्रमे जलीय वहन व वायवीय वहन असे म्हणतात. जलीय वहनात घन पदार्थ व पाणी यांचे जे मिश्रण वाहते त्याला राबडी किंवा स्लरी म्हणतात. पट्टा वाहक, बादली उच्चालक, मालमोटार किंवा रेल्वे यांच्याप्रमाणे या पद्धतींत माल कोणत्याही हलत्या यांत्रिक भागावर ठेवलेला नसतो. त्याला पुढे नेण्याचे काम वाहक द्रव्य करते. त्यामुळे नळ भिंतीवरून, जमिनीखालून किंवा नदीखालूनही नेता येतो आणि माल सांडत वा उडत नाही. मात्र वाहक द्रव्य आरंभी मिळवावे लागते आणि शेवटी मालापासून वेगळे करावे लागते. या दोन टोकांवरचा खर्च व परिणाम यांवर या पद्धतींचे यशापयश बऱ्याच अंशी अवलंबून असते.

मूलतत्त्व

प्रवाहातील कणावर मुख्यतः दोन प्रेरणा कार्य करतात. गुरुत्वाकर्षण कणाला खाली खेचते, तर वाहत्या द्रव्याचे कर्षण त्याला प्रवाहाच्या दिशेने ओढते. प्रवाहातील भोवरे कणाला वरखाली हेलकावे देऊन तरंगत ठेवतात. प्रवाहाचा वेग पुरेसा असेपर्यंत कण तरंगत किंवा उड्या मारत पुढे सरकतात. वेग कमी झाला की ते नळाच्या तळाशी साचू लागतात व अखेरीस नळ तुंबतो. वेग फार वाढवला तर ऊर्जा वाया जाते, नळ झिजतो आणि ठिसूळ माल फुटतो. म्हणून दोन्ही पद्धतींच्या आराखड्यात किमान सुरक्षित वेग ठरवणे व त्याच्या थोडेच वर राहणे हे मध्यवर्ती काम असते.

पाणी व हवा यांच्या गुणधर्मांतील फरकामुळे हा वेग दोन्ही पद्धतींत फार वेगळा असतो. पाण्याची घनता हवेच्या सुमारे ८०० पट व श्यानता सुमारे ५० पट आहे. ०.१ मिलीमीटर व्यासाचा वाळूचा कण स्थिर हवेत सेकंदाला सुमारे अर्धा मीटर या वेगाने खाली येतो, तर स्थिर पाण्यात तोच कण सेकंदाला एक सेंटिमीटरपेक्षाही कमी वेगाने बुडतो. म्हणून बारीक चूर्ण पाण्यातून सेकंदाला दीड ते दोन मीटर वेगाने नेता येते. हवेतून तरंगत न्यायचे असल्यास साधारणतः १५ ते ३० मीटर वेग लागतो. यामुळेच जलीय वाहिन्या शेकडो किलोमीटर लांब असू शकतात, तर वायवीय यंत्रणा बहुधा कारखान्याच्या आवारात, काही मीटरपासून एखाद्या-दुसऱ्या किलोमीटरपर्यंतच वापरल्या जातात.

इतिहास

वाळू व खडी पाण्याच्या प्रवाहाने वाहून नेण्याचा उपयोग खाणकामात जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कॅलिफोर्नियात सोन्याच्या शोधासाठी टेकड्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने फोडून तो गाळ लाकडी पन्हाळींतून वाहवला जात असे. कोळसा पाण्याबरोबर पंपाने नेण्याच्या पद्धतीचे एकस्व अमेरिकेत वॉलेस अँड्र्यूज यांना १८९१ मध्ये मिळाले. वायवीय वहनाचा मोठ्या प्रमाणावरील आरंभीचा उपयोग बंदरांत झाला. लंडनच्या मिलवॉल गोदीतील अभियंते फ्रेडरिक डकहॅम यांनी १८९०च्या दशकात जहाजातील धान्य हवेच्या चोषणाने उपसणारी यंत्रे विकसित केली.

विसाव्या शतकात सिमेंट व भुकटी कोळसा यांसाठी स्क्रू पंप व दाबटाक्या प्रचारात आल्या. जलीय वहनाच्या शास्त्रीय अभ्यासाला १९५०च्या दशकात फ्रान्समधील ग्रनोबल येथे रोबेर द्युराँ व त्यांचे सहकारी यांच्या प्रयोगांनी चालना मिळाली. १९७३ मध्ये डेरेक गेल्डार्ट यांनी हवेने फुगवल्यावर चूर्ण कसे वागते यावरून चूर्णांचे चार गट पाडले. हे वर्गीकरण पुढे वायवीय वहनाची पद्धत निवडतानाही उपयोगी ठरले.

वायवीय वहन

प्रकार

वायवीय वहनाचे दोन मुख्य प्रकार आहेत. विरल वहनात सर्व कण हवेत तरंगत जातात. हवेच्या एका किलोग्रॅममागे घन पदार्थाचे प्रमाण साधारणतः १५ किलोग्रॅमपर्यंत असते आणि वेग जास्त लागतो. जवळजवळ कोणताही कोरडा माल या पद्धतीने नेता येतो. सघन वहनात हवा कमी व माल जास्त असतो. माल नळातून फुगलेल्या पिठासारखा सरकत जातो किंवा त्याचे सुटे गठ्ठे हवेच्या दाबाने पुढे ढकलले जातात. वेग सेकंदाला काही मीटर एवढाच राहतो, म्हणून झीज व कणांची फूट कमी होते. पण सर्व पदार्थ असे वाहू शकत नाहीत.

माल कोणत्या गटातील आहे हे येथे महत्त्वाचे ठरते. उडती राख किंवा सिमेंट यांसारखी बारीक चूर्णे हवा बराच वेळ धरून ठेवतात व द्रवासारखी वाहतात. प्लॅस्टिकचे दाणे किंवा धान्य यांतून हवा सहज आरपार जाते, म्हणून त्यांचे गठ्ठे बनवून नेता येतात. जाडसर वाळूत यांपैकी कोणताच गुण पुरेसा नसतो, म्हणून ती सघन पद्धतीने नेणे अवघड असते. अतिसूक्ष्म व चिकट चूर्णे एकमेकांना धरून राहतात आणि हवा त्यांतून वाट काढून निसटते.

यंत्रणेचे घटक

प्रत्येक वायवीय यंत्रणेत हवा पुरवणारे यंत्र, माल नळात सोडणारे साधन, वाहक नळ आणि हवा व माल वेगळे करणारे साधन असे चार भाग असतात. कमी दाबासाठी रूट्स ब्लोअर वापरतात. त्याने वातावरणापेक्षा सुमारे एक बार अधिक दाब मिळतो. त्याहून जास्त दाबासाठी काँप्रेसर लागतो. कमी दाबाच्या यंत्रणेत माल फिरत्या पात्यांच्या झडपेतून सोडतात. ही झडप माल आत घेते आणि हवा बाहेर निसटण्याला बऱ्याच अंशी अटकाव करते. जास्त दाबाच्या यंत्रणेत माल आधी दाबटाकीत भरतात व टाकी बंद करून हवेच्या दाबाने रिकामी करतात. सिमेंट वाहून नेणारे बल्कर याच तत्त्वावर रिकामे होतात. त्यांच्या टाकीत हवा भरली की सिमेंट लवचिक नळातून उंच सायलोत चढते.

चोषण यंत्रणेत पंखा किंवा पंप नळाच्या शेवटच्या टोकाला असतो व आतील दाब वातावरणापेक्षा कमी राहतो. अशा नळाला भोक पडले तरी भुकटी बाहेर न येता हवाच आत शिरते. अनेक ठिकाणांहून माल उचलून एका ठिकाणी आणायचा असल्यास चोषण सोयीचे असते, तर एका ठिकाणचा माल अनेक ठिकाणी पोहोचवायचा असल्यास दाबयंत्रणा सोयीची ठरते. चोषणाने मिळणारा दाबफरक मात्र वातावरणीय दाबामुळे मर्यादित असतो.

नळाच्या शेवटी सायक्लोन व कापडी पिशव्यांची गाळणी यांच्या साहाय्याने माल हवेपासून वेगळा करतात. माल जितका बारीक तितकी गाळणी मोठी व खर्चिक असते.

हवेचे प्रसरण

हवा दबणारी असल्याने नळातील वेग सर्वत्र सारखा नसतो. आरंभी निरपेक्ष दाब दोन बार व शेवटी एक बार असेल, तर सारख्याच व्यासाच्या नळात हवेचा वेग शेवटी दुप्पट होतो. म्हणजे आरंभी सेकंदाला १५ मीटर वेग ठेवल्यास टोकाला तो ३० मीटर होतो. नळ तुंबण्याचा धोका मालाच्या प्रवेशाजवळ सर्वाधिक असतो, तर झिजण्याचा धोका टोकाजवळ. लांब व जास्त दाबाच्या यंत्रणेत म्हणून नळाचा व्यास टप्प्याटप्प्याने वाढवत नेतात.

याच कारणाने ठरलेल्या प्रमाणापेक्षा जास्त माल सोडला तर नळ अचानक तुंबू शकतो. जादा मालासाठी दाब वाढतो, दाब वाढल्यावर प्रवेशाजवळची हवा अधिक दबते आणि नेमका तेथेच वेग घटतो.

जलीय वहन

राबडीचे प्रकार

कणांच्या आकारानुसार राबडीचे स्थूलमानाने दोन प्रकार होतात. अतिसूक्ष्म कणांची दाट राबडी एकजिनसी द्रवासारखी वागते. तिची श्यानता पाण्यापेक्षा बरीच जास्त असते. जाड कणांची राबडी विषम असते. तीत कण तळाकडे अधिक व वरच्या भागात विरळ असतात. लांब पल्ल्याच्या वाहिन्यांसाठी खनिज मुद्दाम बारीक दळतात, म्हणजे कमी वेगातही कण तरंगत राहतात. फार बारीक दळल्यास दळण्याचा खर्च वाढतो आणि शेवटी पाणी वेगळे करणे कठीण जाते, म्हणून येथेही मध्यम मार्ग काढावा लागतो. कोळशाच्या राबडीत वस्तुमानाने सुमारे निम्मा कोळसा असतो; लोहखनिजाच्या राबडीत घन भाग ६० ते ७० टक्के असू शकतो.

निक्षेप वेग

ज्या वेगाखाली कण तळाशी बसू लागतात त्याला निक्षेप वेग म्हणतात. द्युराँ यांच्या सूत्रानुसार जाड कणांसाठी हा वेग नळाच्या व्यासाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. व्यास चौपट केल्यास आवश्यक वेग दुप्पट होतो. म्हणून पुढील मागणीचा विचार करून गरजेपेक्षा मोठा नळ टाकला आणि त्यातून कमी राबडी पाठवली, तर तो तुंबण्याचा संभव असतो. मालाची आवक कमी असताना नळात काही काळ नुसते पाणी सोडण्याची पद्धत याच कारणाने रूढ आहे.

पंप व वाहिनी

कमी अंतरासाठी अपकेंद्री पंप वापरतात. त्यांच्या आतील भागांना जाड रबराचे अस्तर देतात किंवा ते क्रोमियमयुक्त कठीण लोखंडाचे बनवतात. अधिक दाबासाठी असे अनेक पंप एकामागे एक जोडतात. लांब पल्ल्यासाठी दट्ट्याचे किंवा पडद्याचे पंप लागतात. पडद्याच्या पंपात लवचिक पडदा दट्ट्याला राबडीपासून अलग ठेवतो, त्यामुळे दट्ट्या व सिलिंडर झिजत नाहीत.

वाहिनी अचानक बंद पडली तर घन कण तळाशी बसतात. तीव्र उतारावर ते घसरून सखल भागात गोळा होतात व तेथे घट्ट बूच बसते. म्हणून राबडीवाहिनीचा मार्ग आखताना उतारावर मर्यादा ठेवतात आणि गरज पडल्यास डोंगराला वळसा घालतात. तेल किंवा वायूच्या वाहिनीला असे बंधन नसते. वाहिनी थांबवल्यानंतर ती पुन्हा सुरळीत चालू होईल की नाही, याची चाचणी आराखड्याच्या वेळीच प्रयोगशाळेत घेतात.

निर्जलीकरण

टोकाला पोहोचलेल्या राबडीतून पाणी काढण्यासाठी निवळटाक्या, अपकेंद्री यंत्रे व दाबगाळण्या वापरतात. काढलेल्या पाण्यात सूक्ष्म कण व मिसळलेली रसायने असतात. ते शुद्ध करून वापरावे लागते किंवा परत पाठवावे लागते. परतीसाठी दुसरी वाहिनी टाकल्यास खर्च बराच वाढतो.

झीज, कणभंग व सुरक्षितता

वायवीय वहनात नळाची झीज वेगाच्या साधारणतः अडीच ते तिसऱ्या घाताच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाल्यास झीज सहा ते आठ पट होते. सरळ भागापेक्षा वळणे फार लवकर झिजतात, कारण तेथे कण भिंतीवर आदळतात. राख किंवा वाळूसाठी वळणांना ओतीव बेसाल्ट, सिरॅमिक किंवा कठीण मिश्रधातूचे अस्तर देतात. काही वळणांत बंद खळगा ठेवतात. तो मालाने भरतो आणि पुढचा माल भिंतीऐवजी त्या मालावर आदळतो. जलीय वहनात कणांच्या झिजेला गंजण्याची जोड मिळते. ती रोखण्यासाठी पाण्यातील ऑक्सिजन काढून टाकतात, चुन्याने आम्लता कमी करतात किंवा नळाला आतून पॉलिएथिलीनचे अस्तर बसवतात.

पीठ, साखर, स्टार्च, कोळसा, ॲल्युमिनियम यांची भुकटी हवेत विशिष्ट प्रमाणात पसरली असता ठिणगीने तिचा स्फोट होऊ शकतो. वाहत्या कणांच्या घर्षणाने स्थिर विद्युत निर्माण होते. म्हणून नळाचे सर्व सांधे विजेच्या दृष्टीने जोडून भूसंपर्कित करतात, गाळणीला स्फोटाचा दाब बाहेर सोडणारी झडप बसवतात आणि अतिधोकादायक चूर्णे हवेऐवजी नायट्रोजनच्या प्रवाहात नेतात. नळात धूळ कोंडलेली असली तरी गळक्या सांध्यांतून ती इमारतीत साचू देणे धोक्याचे असते. एका लहान स्फोटाने उडालेली ही धूळ दुसऱ्या, मोठ्या स्फोटाचे कारण ठरू शकते.

लांब पल्ल्याच्या वाहिन्या

अमेरिकेच्या ओहायो राज्यात १९५७ मध्ये केडिझ ते ईस्टलेक ही सुमारे १७४ किलोमीटर लांबीची कोळसावाहिनी सुरू झाली. तिच्या स्पर्धेमुळे रेल्वेने एकाच मालाच्या थेट गाड्या सोडून भाडे कमी केले. परिणामी १९६३ मध्ये वाहिनी बंद करण्यात आली.

ॲरिझोनातील ब्लॅक मेसा वाहिनी १९७० मध्ये सुरू झाली. ४३९ किलोमीटर अंतरावरील नेवाडातील मोहावी वीज केंद्राला ती वर्षाला सुमारे ५० लाख टन कोळसा पुरवू शकत असे. कोळसा टोकाला पोहोचण्यास सुमारे तीन दिवस लागत. राबडीसाठीचे पाणी वाळवंटी प्रदेशातील भूजलातून उपसले जाई. या जलसाठ्यावर हवाला असलेल्या होपी व नवाहो समाजांनी या उपशाला दीर्घकाळ विरोध केला. वीज केंद्राच्या प्रदूषण नियंत्रणाचा प्रश्न आणि पाणी व कोळसा यांच्या पुरवठ्याचे करार सुटले नाहीत, म्हणून २००५ अखेर केंद्र व वाहिनी दोन्ही बंद झाली.

लोहखनिजासाठी टास्मानियातील सॅव्हेज रिव्हर येथील सुमारे ८५ किलोमीटरची वाहिनी १९६७ मध्ये, तर ब्राझीलमधील सामार्को कंपनीची ३९६ किलोमीटरची वाहिनी १९७७ मध्ये सुरू झाली.

भारतात कर्नाटकातील कुद्रेमुख येथील लोहखनिजाचे चूर्ण सुमारे ६७ किलोमीटर लांबीच्या वाहिनीने घाट उतरून मंगळूरला नेले जात असे. पश्चिम घाटातील जंगल व भद्रा नदीत येणारा गाळ यांसंबंधीच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या आदेशानुसार तेथील खाणकाम २००५ अखेर थांबले. छत्तीसगडमधील बैलाडिला परिसरातून विशाखापट्टणमला जाणारी २६७ किलोमीटरची वाहिनी ही देशातील लांब राबडीवाहिन्यांपैकी एक आहे.

ओहायो, ब्लॅक मेसा व कुद्रेमुख या तिन्ही वाहिन्या नळाच्या तांत्रिक अपयशामुळे बंद पडल्या नाहीत. स्पर्धक वाहतुकीचे दर, पाण्याचा व प्रदूषणाचा प्रश्न आणि खाणीचे भवितव्य यांनी त्यांचा शेवट ठरवला.

औष्णिक विद्युत केंद्रांतील राख

जलीय व वायवीय या दोन्ही पद्धती एकाच आवारात शेजारी शेजारी दिसतात त्या औष्णिक विद्युत केंद्रांत. भुकटी केलेला कोळसा गरम हवेच्या प्रवाहाने बाष्पित्राच्या ज्वालकांपर्यंत नेला जातो. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण जास्त, बहुधा ३० ते ४५ टक्के असते. त्यामुळे ज्वलनानंतर मोठ्या प्रमाणावर राख उरते. भट्टीच्या तळाशी पडणाऱ्या जाड राखेला तळराख म्हणतात. धुराबरोबर जाणाऱ्या व स्थिरविद्युत अवक्षेपकात अडवल्या जाणाऱ्या बारीक राखेला उडती राख म्हणतात.

पूर्वापार पद्धतीत दोन्ही प्रकारची राख भरपूर पाण्यात मिसळून, पातळ राबडीच्या रूपात राखेच्या तलावात सोडली जाते. यंत्रणा सोपी असली तरी तिला पाणी फार लागते, तलावासाठी मोठी जमीन अडकते आणि राखेतील क्षार भूजलात झिरपू शकतात. महाराष्ट्रात चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, परळी, भुसावळ, नाशिक व पारस या केंद्रांच्या संदर्भात हा विषय महत्त्वाचा आहे. परळी येथील केंद्र २०१३च्या दुष्काळात पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. अशा केंद्रांत शीतनासाठी सर्वाधिक पाणी लागत असले, तरी राख वाहण्याच्या पाण्याचाही एकूण गरजेत वाटा असतो. जुलै २०२२ मध्ये अतिवृष्टीच्या काळात नागपूरजवळील खसाळा येथील कोराडी केंद्राच्या राख तलावाचा बांध फुटला व राख कोलार आणि कन्हान या नद्यांपर्यंत पोहोचली. कन्हान नदीतून नागपूर शहराला पाणीपुरवठा होतो.

यावर दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे घन भाग ५५ ते ६५ टक्के असलेली दाट राबडी वापरणे. तिला पाणी फार कमी लागते व ती तलावात पडल्यावर लवकर घट्ट होते. मात्र त्यासाठी अधिक दाबाचे पंप लागतात. दुसरा उपाय म्हणजे उडती राख अवक्षेपकाखालील हॉपरमधूनच कोरडी उचलून वायवीय नळांनी सायलोत नेणे. ओली झालेली राख वाळवल्याशिवाय सिमेंटमध्ये सहज मिसळता येत नाही, तर कोरडी राख बल्करमध्ये भरून थेट सिमेंट कारखान्याकडे पाठवता येते. केंद्र शासनाने राखेच्या वापरासंबंधी पहिली अधिसूचना १९९९ मध्ये काढली. ३१ डिसेंबर २०२१च्या अधिसूचनेने राखेचा शंभर टक्के वापर करण्याची जबाबदारी औष्णिक केंद्रांवर टाकली. त्यामुळे कोरड्या वायवीय वहनाचे महत्त्व वाढले आहे. कोरड्या पद्धतीत वीज अधिक लागते आणि सायलोखाली वाहने भरताना धूळ उडू नये याची काळजी घ्यावी लागते.

पद्धतीची निवड

पट्टा वाहकाच्या तुलनेत वायवीय वहनाला प्रतिटन काही पट अधिक ऊर्जा लागते. तरीही मार्ग वळणावळणाचा असेल, जागा कमी असेल किंवा धुळीपासून संरक्षण आवश्यक असेल तेथे हीच पद्धत निवडतात. अन्न व औषध उद्योगांत मालात बाहेरची घाण मिसळू नये म्हणून ती पसंत केली जाते. ओलसर, चिकट किंवा फार मोठ्या तुकड्यांचा माल तिला मानवत नाही.

वार्षिक वाहतूक मोठी व अनेक वर्षे टिकणारी असेल, आरंभी पुरेसे पाणी उपलब्ध असेल आणि ओल्या मालाने नुकसान होत नसेल, तर जलीय वहन फायद्याचे ठरते. खनिजाचे शुद्धीकरण मुळातच पाण्यात होत असल्याने त्याचे चूर्ण राबडीच्या रूपातच तयार असते. पाण्याने घट्ट होणारे सिमेंट किंवा विरघळणारी साखर यांसाठी ही पद्धत निरुपयोगी आहे. दुष्काळी प्रदेशात पाण्याचा हिशेब नळाच्या खर्चापेक्षाही निर्णायक ठरू शकतो, कारण एका खोऱ्यातील पाणी मालाबरोबर कायमचे दुसऱ्या खोऱ्यात जाते.

हे सुद्धा पहा

पट्टा वाहक
द्रायुयामिकी
उडती राख
औष्णिक विद्युत केंद्र
अपकेंद्री पंप